आबांचे आकडे

रोमन आकड्यांची ओळख शाळेत झाली. आय म्हणजे एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. इतकं पाठ होतं आणि परीक्षेपुरतं पुरलंही. ते आकडे वाचावेत कसे, हे मात्र मला नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या फोरमननी शिकवलं. मी तिथे प्रुफं वाचायला लागलो तेव्हा ते साठीला टेकले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी बोलायचे नाहीत. पण इंग्रजी पुस्तकाचा फर्मा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे.

इंग्रजी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना रोमन आकडे घालायची पद्धत. मजकुराची पानं 1 पासून सुरू होतात. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना यांचा हिशोब वेगळा. लेखक प्रस्तावना शेवटी पाठवतात, आणि पाठवल्यावर पुन्हा वाढवतात. आकडे वेगळे असले की पुढचं पुस्तक हलवावं लागत नाही.

इथेच छपाईच्या खिळ्यांची एक गंमत होती. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जुळारी स्टिक हातात धरतो तेव्हा ओळ डावीकडून उजवीकडेच जुळते, फक्त अक्षरं डोक्यावर उभी असतात. पण तोच फर्मा टेबलाच्या पलीकडून पाहिला तर अक्षरं सरळ दिसतात आणि क्रम आरशातल्यासारखा फिरतो. एरवी हे लगेच कळतं, कारण बी किंवा आर उलटे झाले की डोळ्याला खुपतात. आय, व्ही, एक्स मात्र आरशातही तसेच दिसतात. मग नऊचे अकरा होतात, चारचे सहा होतात, आणि पाहणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

आबांना यायची. ते व्हीच्या पायांकडे बघत. छापील व्हीचा एक पाय जाड असतो, एक बारीक. "जाड पाय डाव्या हाताला दिसला तर तू बरोबर बाजूला उभा आहेस. उजव्या हाताला दिसला तर फिरून ये." ही खूण मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

आकडा बनवण्याची त्यांची रीतही तशीच सरळ होती. एकं, दहं, शतं, सहस्र अशी घरं पाडायची, प्रत्येक घर वेगळं लिहायचं आणि मोठ्या घरापासून जोडत यायचं. 1949 घ्या. हजाराचा एम. नऊशेचे सीएम, म्हणजे हजारातून शंभर वजा. चाळिसाचे एक्सएल. नवाचे आयएक्स. झालं, एमसीएमएक्सएलआयएक्स. पन्नासातून एक काढून 49 चे आयएल करण्याचा मोह अनेकांना होतो, आबा म्हणत, "एककाने शतकाच्या घरात डोकावायचं नाही, पन्नासाच्याही नाही." आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. व्ही, एल, डी कधी वजा होत नाहीत आणि लागोपाठ दोनदा येत नाहीत. बाकीचे सलग तीनदा, त्यापुढे नाही. वाचतानाही हेच: लहान अक्षर मोठ्याच्या आधी दिसलं की ती जोडी एकदम उचलायची.

छापखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात चाराच्या जागी चार उभ्या रेघा होत्या. एका नव्या पोराने ती चूक म्हणून दाखवली. आबा म्हणाले, "घड्याळाचा रिवाज निराळा. पुस्तकात चालायचं नाही." पुढे वाचनात आलं की खुद्द रोमनांनाही ही शिस्त सक्तीची नव्हती. कोलोसियमच्या 44 व्या दरवाजावर चाळिसाचे एक्सएल आहेत आणि पुढे चार आय. इसवी सन 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात रोमन सेनापती वारुसच्या सैन्याची कत्तल झाली. त्यात पडलेल्या मार्कुस कायलियुसच्या स्मारकशिलेवर त्याच्या अठराव्या पलटणीचा आकडा एक्सआयआयएक्स असा कोरलाय, विसातून दोन वजा. नियम बरेच नंतर घट्ट झाले. माझ्या मते ते बरंच झालं, नाहीतर प्रुफं तपासणाऱ्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आबांचं एक वाक्य मी पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत वापरलं. मुंबईवरच्या एका सहलपुस्तिकेच्या प्रुफात 'गेटवे ऑफ इंडिया, बांधकाम 1911' असं आलं होतं. लेखकाने कमानीवरचं एमसीएमएक्सआय बरोबर उलगडलं होतं. आबांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं: "वर्ष नीट वाचलंय, कशाचं ते वाचलं नाही."

कमानीवर कोरलेला तो लेख आहे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 ला मुंबईत उतरल्याचा. तेव्हा तिथे ही कमान नव्हती. पायाचा दगड बसला 31 मार्च 1913 ला, आणि जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही वास्तू खुली झाली 4 डिसेंबर 1924 ला. गेटवेला गेलात तर फोटो काढण्याआधी मान वर करून तेवढी ओळ पुरती वाचा. आणि 1924 रोमन आकड्यांत कसं लिहाल, ते आबांच्या रीतीने घरं पाडून तिथेच करून बघा.