एकास तीनशे पन्नास

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. मराठी विभागाला लेख कमी पडतायत म्हणून रूममेटने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. विषय? "लिही काहीतरी, ती पाणबुडीच लिही!"

तर पाणबुडी. आमच्या विंगमधली एक सीनियर पास होऊन गेली आणि जाताना मला एक बादली, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि एक न उघडलेला खोका देऊन गेली. खोक्यावर काळी पाणबुडी, किलो क्लास, स्केल १:३५०. खरी पाणबुडी ७२.६ मीटर लांब, खोक्यातली पावणेएकवीस सेंटिमीटर. एम-थ्रीची केटी डोक्यावर असताना माणसाला अभ्यास सोडून काहीही करावंसं वाटतं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

प्लास्टिकच्या जाळीतून एकेक पार्ट नेलकटरने तोडायचा, कानसायचा (रूममेटचा नेलफाइल, तिला हे आत्ता कळतंय) आणि चिकटवायचा. हल लांबीच्या दिशेने दोन तुकड्यांत येतो. मी झटपट चिकटणारा गोंद लावला, तर जोडावर पांढरी भुकटी धरली. ती काढायला नेलपेंट रिमूव्हर चोळला आणि वरचा मनोरा माझ्या डोळ्यांदेखत मऊ झाला! रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असतं आणि ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. केमिस्ट्रीत हे वाचलं होतं, पण पेपरात लिहिण्यापुरतंच. वासाने रेक्टर मॅडम वर आल्या, तो भाग गाळते.

रविवारी तो जखमी सांगाडा डब्यात घालून अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला गेले. पंतनगरला मामाकडे माझे आजोबा राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ऐंशी. अण्णा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते.

इथे दुसरी कबुली द्यावी लागेल. चौथीत 'माय ग्रँडफादर' असा निबंध होता. मी लिहिलं, माझे आजोबा इंजिनिअर आहेत आणि ते सबमरीन डिझाइन करतात. वर्गात सगळ्यांचे आजोबा डॉक्टर, बँक मॅनेजर. मे महिन्यात वही अण्णांच्या हाती लागली. "वाचून दाखव गो बाय," म्हणाले. मी मराठीत अर्थ सांगत वाचलं, आणि इंजिनिअर हा शब्द इंग्रजी-मराठीत एकच असल्यामुळे पळवाट नव्हती. ते म्हणाले, "अक्षर छान आहे." त्यावर आजपर्यंत आम्ही कधी बोललो नाही.

अण्णांनी डबा उघडला, चष्मा चढवला आणि पहिलंच वाक्य, "ही आमची नव्हे. ही रशियाची."

त्यांची म्हणजे शाल्की आणि शंकुल. या जातीच्या पहिल्या दोन, शिशुमार आणि शंकुश, जर्मनीत कील इथे बांधल्या आणि पुढच्या दोन माझगावला. शाल्की १९९२ साली नौदलात गेली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी! मी हे जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. तो जोड मारणारा माणूस माझ्यासमोर चहात बटर बुडवत बसलाय, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

अण्णा मग थांबेचनात. माझ्या पाणबुडीवर दिसतं ते नुसतं बाहेरचं कवच, दाब सोसतो तो आतला नळा. २०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो. तो नळा गोल कड्यांचा, आणि कडं जरा जरी लंबगोल झालं तरी ताकद गेली. म्हणून दोन वेल्डर समोरासमोर उभे राहून एकाच वेळी काम करायचे, नाहीतर उष्णतेने लोखंड एका बाजूला ओढलं जातं. इलेक्ट्रोड भट्टीत वाळवलेले. जराशी ओल राहिली की त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि भेग नंतर, सावकाश पडते. प्रत्येक जोडाचा एक्स-रे. आमच्या प्रोफेसरांनी यावर दोन लेक्चर्स घेतली होती. मी मागच्या बाकावर होते.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, शंकुल ९४ ला गेली. पुढे कामच नाही."

१९८७ मध्ये त्या जर्मन व्यवहारावरून वाद उठला आणि आणखी बोटींचा विचार मागे पडला. अण्णा इतर जहाजांवर गेले. २००५ साली सहा नव्या पाणबुड्यांचा करार झाला. त्याच वर्षी मी जन्मले आणि अण्णा रिटायर झाले. त्यातली पहिली, कलवरी, २०१७ च्या डिसेंबरात नौदलात आली. मधे तेवीस वर्षं. "शिकवायला कुणी बोलावलं नाही का?" यावर ते फक्त म्हणाले, "हात विसरतो गो."

मग त्यांनी माझ्या बोटीचं नाक अंगठ्याने चाचपलं. "सिंधुरक्षक हीच जात." १४ ऑगस्ट २०१३, मुंबईच्या गोदीत पुढच्या भागात स्फोट झाला, अठरा जण गेले. मामी सांगते, त्या दिवशी अण्णा जेवले नव्हते. ती बोट त्यांनी बांधलेली नव्हती, तरीही.

रिमूव्हरचा किस्सा ऐकून मात्र ते खो खो हसले. "म्हणजे दोन्ही कडा वितळून एक होतात? अगो, मग हे वेल्डिंगच की!" उरलेल्या जाळीचे तुकडे बाटलीच्या झाकणात रिमूव्हरमध्ये विरघळवून आम्ही लगदा केला आणि जुना जोड कानसून नव्याने भरला. "एका टोकापासून जाऊ नको. इथे एक टाका, मग समोर एक." त्यांचा हात कापतो, म्हणून काडी माझ्या हातात आणि माझं मनगट त्यांच्या हातात. विसरला नव्हता हात. वाळल्यावर मनोरा बसवायच्या आधी त्यांनी हल ट्यूबलाइटसमोर धरला, एक डोळा मिटला आणि इंच इंच फिरवला. एका ठिकाणी उजेड दिसला. "रिजेक्ट. परत कर."

तीन रविवार लागले. केटीचा निकाल अजून यायचाय, त्याबद्दल विचारू नये.

पाणबुडी आता पंतनगरला टीव्हीच्या कपाटावर आहे. मनोरा थोडा वाकडाच राहिला. गेल्या रविवारी शेजारचे काका आले होते. अण्णांनी ती खाली काढून त्यांच्या हातात दिली. "ही आमची नव्हे, रशियाची. पण जोड बघा. आमच्या नातीने मारलाय, वेल्डर आहे ती."