साडेआठचा पाऊस

तर झालं असं, की मे महिन्यातल्या एका शनिवारी रास्पबेरी पाय घेऊन बसलो. दोन वर्षं खणात पडून होता. (घेतला तेव्हा त्यावर काय काय करणार होतो ते विचारू नका.) बीएमई२८० नावाचा नखाएवढा सेन्सर जोडला, बाल्कनीच्या भिंतीला चिकटवला, पायथनच्या वीसेक ओळी... आणि तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, सगळं स्क्रीनवर! जाम भारी वाटलं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. आई गेल्यापासून ते आमच्याकडे पुण्यात असतात, बोलतात कमीच. नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणावर. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून वहीत आकडा लिहायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं.

"सेहेचाळीस? हे भिंतीचं तापमान आहे रे, हवेचं नाही."

पश्चिमेची भिंत. बरोबरच होतं. वेधशाळा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवते, ऊन आत शिरू नये पण वारा खेळावा म्हणून. ('ट्रेझर आयलंड'वाल्या स्टीव्हन्सनच्या वडिलांनी केलेली ती पेटी.) मी कुंड्यांखालच्या पांढऱ्या ताटल्या एकावर एक रचून तसलंच काहीतरी केलं आणि गच्चीवर नेलं. विजेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची मनधरणी केली, तो वेगळा लेख होईल.

मग पर्जन्यमापक आला. त्यात सीसॉसारखी दोन खणांची वाटी असते. एक खण भरला की ती कलंडते, चुंबक स्विचवरून जातं आणि पायला कळतं. एकदा कलंडली की ०.२७९४ मिलिमीटर पाऊस.

"तोंड केवढं आहे याचं?" बाबा.

"अकरा बाय पाच सेंटिमीटर."

"म्हणजे पंचावन्न मिली ओतलं की दहा मिलिमीटर. छत्तीस वेळा कलंडायला हवी."

मी मोबाइलवर भागाकार करेपर्यंत ते नातीच्या औषधाची सिरिंज घेऊन आलेसुद्धा. थेंब थेंब ओतत होते, कान लावून मोजत होते. त्यांचे झाले छत्तीस. माझ्या प्रोग्रॅमचे एकसष्ट!

"अरे, असा आकडा आम्ही कळवला असता तर धरणाचे दरवाजे उघडले असते."

स्विचच्या पट्ट्या जुळताना क्षणभर थरथरतात, त्यामुळे एकाच झटक्याचे दोन-तीन मोजले जात होते. एकदा मोजलं की पुढचे काही मिलिसेकंद कान बंद ठेवायचे, एवढंच करायचं होतं. पुन्हा ओतलं. छत्तीस.

त्यानंतर भांडण दिवसावरून. माझा दिवस रात्री बाराला संपायचा. बाबांचा साडेआठला, कारण हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतात. दोन दिवस वाद घातला, मग मुकाट्याने कोड बदलला.

जुलैत पायचं मेमरी कार्ड गेलं. तीन दिवसांचा पाऊस गायब. (आयटीत असून बॅकअप नाही. हसा.) हापिसातून येऊन चरफडत बसलो होतो, तेव्हा बाबांनी एक वही पुढे केली. आईची हिशेबाची वही. दूध, इस्त्री, भाजी, मग दोन कोरी पानं आणि तिथून एक जूनपासून रोजचा पाऊस. गच्चीवर टाकीमागे त्यांनी सरळ बाजूंचा एक डबा ठेवला होता आणि माझीच स्टीलची पट्टी. (ती मी महिनाभर शोधत होतो.)

मी फाइल उघडली.

"सांगा."

"अठरा. बेचाळीस. सात."

"पॉइंटनंतर?"

"डब्यात पॉइंट नसतो. लिही."