आमचे सारंग

आमचा आतेभाऊ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर खलाशी होता. दोरखंड फेकणे, फळी लावणे आणि पोटात ढवळणाऱ्या प्रवाशांना लिंबू देणे, ही त्याची कामे. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "दादा, सारंगाच्या परीक्षेला बसतोय. अभ्यास घे माझा."

मी हबकलोच. समुद्राशी माझा संबंध चौपाटीवरच्या भेळेपुरता! पण नातेवाइकांत मी 'परीक्षांतला माणूस' समजला जातो. बँकेत ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म मी सात वेळा भरला आणि सातही वेळा मागे घेतला. ऑफिसर झालं की बदली आणि सही, दोन्ही अंगावर येतात.

रोज रात्री जेवणं झाली की मी पुस्तक धरून विचारायचो आणि तो सांगायचा. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनीही उजवीकडे वळायचं. एक आखूड भोंगा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय. आणि पाच? पाच म्हणजे 'तुझं काय चाललंय ते मला कळत नाही!' हा भोंगा बँकेच्या प्रत्येक काउंटरवर बसवायला हवा. आमच्या घरी तो सौ.कडे आहे, त्याला परवाना लागत नाही.

भरतीच्या धड्याला मात्र गुरूच शिष्य झाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. लहानपणी वडील पाऊणकी पाठ करायला बसवीत, तेव्हा "हिचा उपयोग काय?" असं विचारून मी मार खाल्ला होता. उपयोग समुद्राला होता!

नुसत्या पुस्तकावर ते प्रमाणपत्र मिळत नाही; आधी पाण्यावर दिवस भरावे लागतात. त्याचे भरलेले होते. तो पास झाला.

भाऊबीजेला आम्ही सहकुटुंब आत्याकडे निघालो. धक्क्यावर ही गर्दी! सौ. आणि मुलं चढली. पिशव्या सांभाळत मी फळीवर पाय ठेवणार, तोच नवे सारंग म्हणाले, "बस्स. आकडा पुरा झाला."

कोण बिचारा राहिला म्हणून मी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"अरे, मी आहे!"

"म्हणूनच सांगतोय, दादा. दुसरा कुणी असता तर भांडला असता."

"एका माणसानं काय होतंय?"

तो काही बोलला नाही. मग मलाच आठवलं. १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आत्याचे सासरे होते. त्या घरात पाण्याच्या बाबतीत 'चालतंय' हा शब्द कुणी वापरत नाही.

मी पाय मागे घेतला. तीन आखूड भोंगे झाले आणि लाँच मागे सरकली. हा प्रश्न मीच त्याला दहादा विचारला होता. पुढच्या लाँचची वाट पाहत मी पिशवीवर बसून राहिलो. राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, आला नाही. माझी बायकामुलं त्या लाँचवर होती.

यंदा आठव्यांदा फॉर्म भरलाय. मागे घेण्याची मुदत काल संपली. सकाळपासून पोटात ढवळतंय. लिंबू जवळ ठेवलंय.