वजनकाट्यापुढची रांग

जळगावाहून धुळ्यास जाण्याचे मार्ग दोन. सडकेने निघालेला मनुष्य एरंडोल, पारोळा ही गावे मागे टाकून शंभर किलोमीटरांच्या आतच धुळ्यास पोचतो. आगगाडीने जाणाऱ्याला मात्र आधी चाळीसगाव गाठावे लागते आणि तेथे गाडी बदलून पुन्हा उत्तरेकडे वळावे लागते. अंतर वाढते, वेळही वाढतो. पण रूळ ज्या वाटेने टाकले आहेत, त्याच वाटेने गाडी जाणार! इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपाचेही असेच असते. जळगावच्या मुलाने धुळ्याच्या मुलाला धाडलेला निरोप पारोळ्यावरून सरळ जाईलच असे नाही. पुष्कळदा तो आधी मुंबईतील एखाद्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून उलटा खानदेशात येतो.

एवढा वळसा घेऊनही त्याला फारसा वेळ लागत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जळगावाहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर. तेव्हा केवळ अंतराचा हिशेब केला, तर जाऊन येण्यास चार-पाच मिलिसेकंद पुरेत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वाटेतील यंत्रे आपापला वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात हा काळ वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत जातो. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. असे असता जळगावच्या एका घरी रोज संध्याकाळी हाच निरोप अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ का रेंगाळत असे?

त्या घरात बारा वर्षांचा एक मुलगा होता. धुळ्यास राहणाऱ्या आपल्या आतेभावाबरोबर तो रोज संध्याकाळी अर्धा तास मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे. अशा खेळात प्रत्येकाचे यंत्र ‘माझी गाडी आता येथे आहे’ असा इवलासा निरोप सेकंदाला अनेक वेळा धाडत असते. निरोप वेळेवर आला नाही, तर समोरचे यंत्र थांबून राहत नाही. गाडी त्याच दिशेने पुढे गेली असेल, असा अंदाज बांधून ते चित्र दाखवीत राहते. मग खरा निरोप उशिरा येतो, अंदाज चुकल्याचे कळते आणि गाडी एकदम उचलून भलत्याच जागी ठेवली जाते. यालाच मुले ‘लॅग’ म्हणतात. धुळ्याच्या पडद्यावर जळगावची गाडी भिंतीत शिरे, नाहीशी होई आणि क्षणभराने शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी उगवे. तीन दिवस हा चमत्कार पाहिल्यावर आतेभाऊ संतापून म्हणाला, “तू लबाडी करस!” आणि त्याने खेळ बंद केला. एवढ्यावरच हे भांडण थांबले नाही. आखाजी जवळ आली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. आत्याही येणार होती. परंतु ‘आई गेली तर जावो, मी येणार नाही,’ असा निरोप धुळ्याहून आला. तो मात्र मुळीच रेंगाळला नाही.

मुलाच्या वडिलांनी इंटरनेट पुरविणाऱ्यांकडे तक्रार केली. तेथून एक माणूस सकाळी आला, त्याने तार तपासली, वेगाची चाचणी घेतली आणि सारे ठाकठीक असल्याचे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. तेव्हा अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घ्यावी, असे वडिलांच्या मनात आले. महाग ते गुणकारी, हा समज औषधांपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे सारखाच आढळतो. मुलाची ताई तंत्रनिकेतनात शिकत होती. ती वडिलांना म्हणाली, “नाना, चार दिवस थांबा. कोठे उशीर होतो, ते आधी पाहू या.”

ताईने ‘पिंग’चा आधार घेतला. पिंग हा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो हे मोजतात; त्या ध्वनीवरूनच हे नाव पडले. पिंगही दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते सांगतो. वेगाची चाचणी वेगळीच गोष्ट सांगते. एका मिनिटात किती माल वाहून नेता येतो, हे तिच्यावरून कळते. एक चिठ्ठी किती वेळात पोचते, हे कळत नाही. खेळाला माल थोडा लागतो, पण चिठ्ठी तत्काळ पोचावी लागते.

तिने पहिली हाक मुंबईला मारली नाही; घरातल्याच राउटरला मारली. घर जुने, धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात खऱ्या, पण वाय-फायच्या लहरींना त्या सहज आरपार जाऊ देत नाहीत. मुलाच्या खोलीतून राउटरकडून उत्तर यायला कधी पाच, तर कधी पन्नास मिलिसेकंद लागत. ताईने तार ओढून संगणक थेट राउटरला जोडला. आता उत्तर एका मिलिसेकंदात येऊ लागले. मुलगा आनंदला, पण संध्याकाळी गाडी पुन्हा उड्या मारू लागली. एक दोष सापडला होता; परंतु मुख्य दोष तो नव्हे.

मग तिने वही घेतली आणि दर पाव तासाने मुंबईच्या एका सर्व्हरचा पिंग टिपून ठेवला. सकाळी २२, दुपारी २४, सायंकाळी सातपर्यंत २५. साडेसातला ६४०! दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार, जवळजवळ त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी साडेसात वाजता घरातील एकेक यंत्र तिने क्रमाने बंद केले. एका वेळी एकच, म्हणजे कोणामुळे काय घडले याचा घोटाळा होऊ नये. दूरदर्शन संच बंद केला. आकडा हलला नाही. आईचा फोन बंद केला, तरी तेच. वडिलांचा फोन बंद करताच आकडा धाडकन २३ वर आला.

“अगं, तो तर खुंटीवर सदऱ्याच्या खिशात होता,” वडील म्हणाले. “मी त्याला हातसुद्धा लावला नाही.”

हेही खरेच होते. वडील तापीकाठच्या केळीच्या बागेतून साडेसातच्या सुमारास घरी परतत. दिवसभरात त्यांनी घडांची आणि उन्हाने करपलेल्या पानांची छायाचित्रे व चित्रफिती काढलेल्या असत. फोन घराच्या वाय-फायच्या टप्प्यात आला, की त्या साऱ्याची प्रत तो आपणहून दूरच्या साठवणीकडे धाडू लागे.

एका फोनने एवढा गोंधळ कसा झाला, हे समजण्यासाठी कापसाच्या हंगामातील जिनिंग कारखान्याचे फाटक डोळ्यांपुढे आणावे. आत वजनकाटा एकच. बाहेर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली. अशा वेळी सायकलवरून एक मुलगा हातात चिठ्ठी घेऊन येतो. त्याच्या चिठ्ठीला वजन नाही, काम क्षणाचे आहे. पण तोही रांगेत उभा केला, तर साऱ्या गाड्या पुढे गेल्याशिवाय त्याची सुटका नाही. या घरातून निरोप बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा पुष्कळ अरुंद होती. चित्रफितींच्या गाड्यांनी ती भरून जाई आणि मोटारीचा इवलासा निरोप त्यांच्यामागे तिष्ठत राही. बरे, फाटकापुढचे आवार लहान असते, तर गाडीवाल्यांना ‘आता येऊ नका’ हे लवकर कळले असते. परंतु यंत्रांतील आवारे, म्हणजे निरोप थोपवून धरणारी जागा, फार मोठी ठेवलेली असते. कोणाचाही निरोप वाया जाऊ नये, हा त्यामागचा सद्हेतू. पण त्यामुळेच रांग मुकाट्याने वाढत जाते.

या रांगांनी मोठमोठ्या विद्वानांनाही जेरीस आणले आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथून अवघ्या चारशे यार्डांवरची एक प्रयोगशाळा यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर हाकेचे आणि गती मुंगीची! व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने त्याचा शोध घेतला आणि वाटेत गर्दी दिसताच धाडणाऱ्याने आपला हात आखडता घ्यावा, अशी पद्धत बसवून दिली. पुढे २०१० मध्ये जिम गेटिस या अभियंत्याला आपल्याच घरी असा अनुभव आला: मोठी फाइल बाहेर धाडू लागताच साऱ्या घराचे इंटरनेट मंदावे. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव मिळाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी रांग वेळीच आवरणारी नवी युक्ती प्रसिद्ध केली. आज कित्येक राउटरांमध्ये अशी सोय असते. ती चालू मात्र करावी लागते.

ताईच्या राउटरात ती नव्हती. म्हणून तिने साधाच उपाय केला. वडिलांच्या फोनने छायाचित्रे रात्री अकरानंतर धाडावीत, अशी व्यवस्था तिने करून दिली. त्या संध्याकाळी साडेसातला वहीत आकडा पडला २६. अधिक पैशांची जोडणी घेण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मुलाने धुळ्याला काहीही लिहिले नाही. वहीच्या पानाचे छायाचित्र तेवढे धाडून दिले. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी आतेभावाने विचारले, “पण मागच्या महिन्यात माझी गाडीही मध्येच अडकायची. ती कशामुळे?” ताईने त्याला आपल्या घरच्या राउटरला हाक मारावयास सांगितले. आकडा दोनशेवर गेला. तेव्हा राउटर कोठे ठेवला आहे, अशी चौकशी झाली आणि धूळ बसू नये म्हणून आत्याने तो लोखंडी कपाटात ठेवून दार लावून घेतले आहे, असे कळले. लोखंडाच्या पत्र्यापुढे मातीची भिंत परवडली! राउटर बाहेर आला. आत्याने लगेच त्याच्यावर भरतकामाचा एक जाड रुमाल घातला. चैत्राच्या उन्हात धुळ्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो आणि झाकलेले यंत्र तापते. म्हणून तो रुमालही काढावा, हे आत्याला पटवून देण्याचे काम ताईने आखाजीपर्यंत लांबणीवर टाकले, कारण तेव्हा आत्या आणि आतेभाऊ दोघेही जळगावास यायचे होते.