निमजचा शिपाई आणि जर्मन फील्ड मार्शल

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गर्दी पॅटनभोवती. पाकिस्तानकडून जिंकलेला रणगाडा म्हटल्यावर फोटो तिथंच निघणार. मला पाहायची होती ती लांब नळीची जर्मन 88 मिलिमीटर तोफ. मुळात विमानं पाडायला घडवलेली. आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांनी तिची नळी आडवी धरली आणि ब्रिटिश रणगाडे लांबूनच फुटू लागले. या तोफेबरोबर तिथला जर्मन सेनापती रोमेल याचं नाव हटकून येतं. 1941च्या अखेरीस भूमध्य भागात आलेला आणि कागदोपत्री रोमेलच्याही वर असलेला फील्ड मार्शल आल्बर्ट केसेलरिंग मात्र कुणाच्या तोंडी नसतो.

हा बव्हेरियाचा. जन्म 1885चा, लष्करात 1904 साली, तोफखान्यात. 1933नंतर हवाई दलात गेला आणि पन्नाशीला टेकला असताना विमान चालवायला शिकला. 1940 साली रॉटरडॅम भाजून काढणारी विमानं त्याच्याच हवाई ताफ्यातली. त्याच जुलैत तो फील्ड मार्शल झाला. पुढे इटलीत डोंगरनद्यांच्या आडोशानं एकामागून एक फळ्या उभारून त्यानं दोस्त राष्ट्रांच्या फौजांना दीड वर्ष रखडवलं. कसब होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण युद्धशास्त्राची पुस्तकं या कसबापाशीच थांबतात, तेव्हा चीड येते.

संग्रहालयातून भुईकोट किल्ल्याकडे गेलो. ऑगस्ट 1942मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना इथं आणून डांबलं, ते मार्च 1945पर्यंत. हिंदुस्थानला न विचारताच युद्धात ओढलं, ही त्यांची तक्रार. आणि त्याच काळात याच जिल्ह्यातली पोरं इटलीत केसेलरिंगच्या फौजेशी लढत होती! त्यांतल्या एकाच्या गावाला जायचं होतं, म्हणून संगमनेरची वाट धरली.

राहुरी, कोल्हार, लोणी. दोन्ही बाजूंना ऊस. डोक्यात मात्र रोम. 23 मार्च 1944 रोजी तिथं जर्मनांशी छुपेपणानं लढणाऱ्या इटालियन प्रतिकारकांच्या बॉम्बनं जर्मन पोलीस तुकडीतले 33 जण मेले. एकामागे दहा मारा, असा हुकूम केसेलरिंगच्या मुख्यालयातून खाली गेला. दुसऱ्या दिवशी आर्देआतीनच्या खाणीत 335 माणसं गोळ्या घालून मारली. हिशेबापेक्षाही पाच जास्त. जूनमध्ये त्यानं आणखी एक आदेश काढला: प्रतिकारकांशी लढताना एखाद्या अधिकाऱ्यानं नेहमीची मर्यादा ओलांडली, तरी मी त्याला पाठीशी घालीन. त्या शरद ऋतूत बोलोन्याजवळ मोंते सोलेच्या वाड्यावस्त्यांवर वाल्टर रेडरच्या नाझी एसएस तुकडीनं सुमारे 770 जणांना मारलं, त्यांत बायका-मुलंच बहुसंख्य. मर्यादा सोडायची मुभा वरूनच मिळाली की खाली काय होतं, ते हे.

1947 साली ब्रिटिश लष्करी न्यायालयानं केसेलरिंगला गोळ्या घालण्याची शिक्षा दिली. त्याच्याविरुद्ध लढलेले सेनापती अलेक्झांडर आणि खुद्द चर्चिल त्याच्यासाठी धावले. शिक्षेची जन्मठेप झाली आणि 1952 साली आजारपणाच्या नावाखाली सुटकाही. सुटल्यावर स्वारी म्हणते, इटालियनांनी माझं स्मारक उभारायला हवं! त्यावर पिएरो कालामांद्रेई या कायदेपंडितानं असा सणसणीत शिलालेख लिहून दिला, की कुनेओ शहरानं तो दगडात कोरून ठेवला.

संगमनेर तालुक्यातलं निमज हे नामदेव जाधवांचं गाव. 9 एप्रिल 1945 रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीला इटलीतली सेनियो नदी ओलांडायची होती. जाधव कंपनीचे निरोप्ये, वय तेवीस. काठावरच्या हल्ल्यात बरोबरची तुकडी जवळजवळ कापली गेली. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. मग परत फिरून मशीनगनच्या तीन चौक्या मोडल्या. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून ‘शिवाजी महाराज की जय’ची आरोळी ठोकली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

केसेलरिंग तेव्हा इटलीत नव्हता. मार्चमध्येच त्याला पश्चिम आघाडीवर धाडलं होतं. सेनियोकाठची ती फळी मात्र त्याच्याच कारकिर्दीत उभी राहिलेली. जाधवांच्या पलटणीनं सेनियोपलीकडे पाय रोवला, आणि 2 मेला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली.