चुकलेला ठोका

काळजाचा ठोका चुकला, असे आपण मराठी माणसे किती सहज बोलून जातो! अपरात्री फोन वाजला की ठोका चुकतो, मुलगी शाळेतून वेळेवर परतली नाही की ठोका चुकतो. प्रवचनांतून आम्हीही हा वाक्प्रचार मनसोक्त वापरला आहे. त्याचा शब्दशः अर्थ मात्र वयाच्या ५३व्या वर्षी, मुक्ताईनगरच्या मुक्कामी, आम्हांला कळला.

मार्च महिन्याची अखेर होती. दिवसभर मोटारसायकलवरून केळीच्या बागांमधली वळणे घेत दोन गावांतील कुटुंबांना भेटून आलो होतो. रात्रीची प्रार्थना आटोपली, दिवा मालवला आणि डाव्या कुशीवर कलंडलो. तोच छातीत काहीतरी उसळले. मग काहीच नाही. आणि त्या शांततेनंतर असा एक दणका बसला की जणू आतून कोणी दारावर मूठ आपटली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. वाचकहो, अंतकाळ जवळ आलेल्या कितीतरी माणसांच्या उशाशी आम्ही बसलो आहोत, त्यांच्या कपाळाला पवित्र तेल लावले आहे, ‘भिऊ नका’ असे त्यांना सांगितले आहे. त्या रात्री आम्हांला ना स्तोत्र आठवले, ना प्रार्थना. एकच विचार मनात आला : दाराला आतून कडी आहे, सकाळी लोकांना दार फोडावे लागेल. आम्ही उठलो, कडी काढली आणि पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.

पुढचे काही आठवडे ही गोष्ट आम्ही कोणालाही कळू दिली नाही. लपविण्यात शहाणपण नव्हते, केवळ अहंकार होता. जपमाळेच्या मण्यांवरून फिरणारी बोटे आता मनगटावरची नाडी चाचपू लागली. मिस्सा चालू असताना, पवित्र भाकर उंचावलेली असतानाही आमचे अर्धे लक्ष छातीतल्या त्या मुठीकडे असे. जितके लक्ष द्यावे, तितके ठोके अधिक चुकत. अखेर एके सकाळी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी विचारले, “फादर, हा चौथा चहा. आणि तुमचा हात का थरथरतोय?” तेव्हा बोलणे भाग पडले.

जळगावला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. ईसीजी काढला, तर त्या मोजक्या सेकंदांत एकही ठोका चुकेना! मग टू-डी इको झाला, रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम तपासून झाले आणि २४ तास छातीला चिकटवून हिंडावयाचे होल्टर नावाचे यंत्रही झाले. (पोटॅशियमसाठी केळी खा, असा सल्ला आम्हांला तोवर अनेकांनी दिला होता. केळीच्या या मुलखात राहून ते कमी पडले असते तर नवलच! ते व्यवस्थित निघाले.) दिवसभरातील सुमारे एक लाख ठोक्यांपैकी हजारभर ठोके अवेळी आलेले, हृदयाची रचना आणि ताकद मात्र निर्दोष.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले, ते आम्ही अजून जपून ठेवले आहे. ठोका चुकत नसतोच. उलट तो लवकर येतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेचे एक लहानसे ठाणे असते, तेथून ठरल्या वेळी संदेश सुटतो. कधी कधी खालच्या कप्प्यातील एखादा पेशीपुंज आपली पाळी नसताना मध्येच बोलून जातो. तेव्हा कप्पा रक्ताने पुरता भरलेला नसतो, म्हणून तो ठोका बहुधा मनगटापर्यंत पोहोचतही नाही. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते; तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा अधिक भरतो आणि पुढचा ठोका जोरकस बसतो. म्हणजे ज्या दणक्याला आम्ही मृत्यूची चाहूल समजत होतो, तो नियमित ठोका परत आल्याचा होता! शुद्ध हरपणे, श्रमाच्या वेळी छातीत दुखणे किंवा धडधडणे, धाप लागणे, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यांपैकी काही असते तर गोष्ट वेगळी होती. आणि अशा माणसाने आमच्यासारखे आठवडे मुळीच दवडू नयेत.

“निरुपद्रवी आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण त्रास होतो हे खरे आहे.” या दुसऱ्या वाक्याने आम्हांला पहिल्याहून अधिक धीर दिला. आजार नाही म्हणावे तर झोप उडालेली, आणि आहे म्हणावे तर सर्व अहवाल चांगले. अशा माणसाला आपण सोंग करीत आहोत की काय, असे स्वतःलाच वाटू लागते.

चहा निम्म्यावर आला, खानदेशी उन्हाळ्यात पाणी भरपूर पिण्याची ताकीद मिळाली आणि मेटोप्रोलॉलची २५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी सुरू झाली. बीटा ब्लॉकर म्हणतात त्या कुळातली ही गोळी. हे कूळ वैद्यकात रुजविले स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी. त्यांचे वडील मोटार अपघातानंतर हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. दुबळ्या हृदयाला अधिक प्राणवायू कसा पुरवावा, या प्रश्नात इतर गुंतलेले असताना ब्लॅक यांनी उलट विचार केला : हृदयाची गरजच कमी करता आली तर? त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भीतीच्या वेळी रक्तात सुटणारे अ‍ॅड्रिनॅलिन हृदयात ज्या जागी जाऊन बसते, ती जागा ही गोळी अगोदरच अडवून ठेवते. आमचे उलटे गणितही तेव्हा उलगडले : भीतीने ठोके वाढत होते आणि ठोक्यांनी भीती.

गोळीने ठोके थांबले नाहीत, मवाळ झाले. बोटे गार पडू लागली, टेकाडावरच्या वस्तीत चढून जाताना पाय जड वाटू लागले, स्वप्ने मात्र चित्रविचित्र आणि रंगीत! एवढ्यावर भागले असते. पण पुढच्या प्रायश्चित्तकाळात आम्हांला तपश्चर्येची हुक्की आली. निरुपद्रवी दुखण्याला औषध कशाला, म्हणून कोणालाही न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. भर उन्हात क्रुसाची वाट चालू असताना दहाव्या स्थानापाशी छाती अशी उधळली की आम्ही मातीत बसलो. पुढची प्रार्थना धर्मशिक्षकाने पूर्ण केली. अडविलेल्या जागा काही काळाने संख्येने वाढतात, त्यामुळे औषध एकदम सोडले की अ‍ॅड्रिनॅलिन दुप्पट आवेशाने येते, हे नंतर कळले. ही गोळी सोडावयाची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. “उपवास अन्नाचा करतात ना, फादर?” डॉक्टरांनी एवढेच विचारले.

याहून मोठी चूक थोडक्यात टळली. धर्मग्रामातील एक भगिनी म्हणाली, “फादर, माझीही छाती धडधडते, तुमच्यातली एक गोळी द्या ना.” गोळ्यांची पट्टी हातात घेतलीही होती, तेवढ्यात तिच्या पिशवीतून डोकावणारा दम्याचा पंप दिसला. दमेकऱ्याच्या श्वासनलिका या औषधाने आवळू शकतात. तिला डॉक्टरांकडे पाठविले. तिची धडधड बरीचशी त्या पंपातील औषधाचीच होती. औषधाची पट्टी म्हणजे काही प्रसाद नव्हे, हे त्या दिवसापासून आम्ही मिस्सेनंतरच्या सूचनांतही सांगतो.

आमच्या या तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. योगबळाने त्यांनी शतकानुशतके काळाला चुकविले आणि शेवटी लहानग्या मुक्ताईला गुरू मानले, अशी परंपरा सांगते. संध्याकाळी कधी तेथे जाऊन बसलो की मनगटावरची बोटे आम्ही मुद्दाम काढून घेतो. नेहमी जमतेच असे नाही.

रात्री कडी लावून झोपू लागलो, त्याला आता दोन वर्षे झाली. मध्यंतरी एका आजारी रेल्वे निवृत्त आजोबांकडे गेलो होतो. पूर्वीच्या सवयीने ‘भिऊ नका’ हे शब्द ओठांवर आले आणि तेथेच अडले. आम्ही त्यांना आमच्या कडीची हकिकत सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग अंथरुणातूनच हात लांबवून त्यांनी आमचे मनगट धरले, डोळे मिटून नाडी मोजू लागले आणि थोड्या वेळाने दात नसलेल्या तोंडाने हसत म्हणाले, “फादर, एक गाडी गाळली हो तुमची!”