आपलंच रक्त

सेंट्रिफ्यूज थांबलं की नळीत थर दिसतात. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे पांढुरकी बारीक रेघ. प्लेटलेट त्या रेघेच्या आसपास जमतात, आणि पांढऱ्या पेशीही तिथेच. सुई किती खाली न्यायची, यावर पीआरपीचा, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढून दुखऱ्या सांध्यात टोचायच्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचा, गुण ठरतो. पांढऱ्या पेशी जास्त आल्या तर इंजेक्शननंतर सांधा अधिक सुजतो, अधिक दुखतो. शिवाय प्रत्येकाच्या रक्तात प्लेटलेट वेगळ्या, प्रत्येक किटची पद्धत वेगळी. गोळीसारखा ठरलेला डोस इथे नसतो, म्हणून एका अभ्यासाचा निकाल दुसऱ्याला सहज लागू पडत नाही.

रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आपलंच तर रक्त, त्यात धोका कसला?" ॲलर्जीची भीती फारशी नसते, हे खरं. पण सुई सांध्यात जाते, आणि सांध्यातला जंतुसंसर्ग क्वचितच होत असला तरी झाला तर कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, खाऊन टाकतो. अंगात कुठे संसर्ग असेल, प्लेटलेट कमी असतील, तर मी सुई उचलत नाही.

खांद्याचा फाटलेला स्नायुबंध दुर्बिणीतून शिवताना पीआरपी वापरल्यावर काही अभ्यासांत तो पुन्हा फाटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण हात वर नेताना रुग्णाला जाणवेल असा फरक दरवेळी दिसत नाही. त्यापेक्षा टाका नीट बसणं आणि नंतरची फिजिओथेरपी मला मोलाची वाटते.

झिजलेल्या गुडघ्याच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. ऑस्ट्रेलियात 288 जणांवर झालेली रिस्टोअर चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. वर्षभरानं दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, आणि दोघांमधला फरक नगण्य होता. कूर्चेची झीजही पीआरपीनं थांबली नव्हती. दुखणं कमी झाल्याचे दुसरे अभ्यास आहेत, तेही मी रुग्णांना सांगतो. "नवीन गादी तयार होते" असं सांगून पैसे घेणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. पाय धनुष्यासारखे वाकलेल्या आजी साठवलेले पैसे इंजेक्शनांत घालवून येतात, तेव्हा सांधेबदलाला हात आखडतो.

म्हणून आधी उभं राहून काढलेला एक्स-रे बघतो. हाडांमधली फट संपलेली असेल तर रक्त काढतच नाही. फट शिल्लक असेल तर आधी मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणं. त्यानंतरही कुणाला पीआरपी हवंच असेल तर देतो, पण संमतिपत्रावर स्वतःच्या हातानं लिहितो: दुखणं कमी होऊ शकेल, कूर्चा वाढेल असं सांगितलेलं नाही.